अकरा माणसांचं घर

“अकरा,” नाना म्हणाले. “अकरा माणसं हायती घरात. लिवा.”

मी पेनाचं टोपण काढलं, पण लिहिलं काही नाही. त्या लांबरुंद दिवाणखान्यात आम्ही दोघंच होतो. फरशी संगमरवरी आणि फेब्रुवारीतही इतकी गार, की चपला दाराशी काढल्याचा मला पस्तावा होत होता. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी टाकलेल्या. कोपऱ्यातून जिना वर गेलेला आणि त्याच्या पायऱ्यांवर धुळीचा असा सलग थर, की कुणाचं पाऊल त्यावर महिनोन्‌महिने पडलेलं नसावं.

“एकेकाचं नाव सांगा,” मी म्हटलं.

उत्तमनाना देवकर सरसावून बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज खणखणीत. “पयलं माझं. मग थोरला वसंत, त्याची मंडळी, त्यांची दोन पोरं. मग दिलीप, सूनबाई आनि त्यांची एक लेक. मग धाकटा राजू, त्याची बायको आनि त्यांची बारकी.”

“बारकीचं नाव?”

नानांनी खिडकीकडे पाहिलं. “फोनवर काय तरी म्हणत्यात बगा. इंग्लिशसारखं नाव हाय. बारशाला बोलावलं हुतं मला, पर गुडघ्यानं दगा दिला. तुमी नुसतं देवकर लिवा की. आडनाव तर ठावं हाय.”

“नाना, ही मंडळी राहतात कुठं?”

“म्हंजे? घर कुणाचं हाय हे?”

“घर त्यांचंच आहे. पण राहतात कुठं?”

“कोइमतूरला,” नाना म्हणाले, आणि तो शब्द त्यांनी असा टाकला, जणू कोइमतूर म्हणजे वेशीबाहेरचा मळा.

माळशेंद्र्याच्या शाळेत बदली होऊन आले तेव्हा मलाही या गावाचं गणित कळलं नव्हतं. सगळा दुष्काळी भाग, विहिरींना पाणी नाही, आणि गलाई आळीत मात्र एकाला एक लागून तीनमजली बंगले. या आळीतल्या पुरुषांनी पिढ्यान्‌पिढ्या गलाईचा धंदा केला. सराफांच्या दुकानांतला सोन्याचांदीचा चुरा, कचरा गोळा करायचा, भट्टीत वितळवायचा, शुद्ध धातू वेगळा काढून द्यायचा. त्या धंद्यापायी गाव पार दक्षिणेच्या टोकापर्यंत पांगलं. तिकडे कमावलं आणि इकडे बांधलं. बांधलं ते राहण्यासाठी नव्हे, शेजाऱ्याच्या बंगल्याहून एक मजला वर जावा म्हणून. माळशेंद्र्यात घरं वाढत गेली, माणसं कमी होत गेली. त्या वर्षी जनगणना आली आणि गलाई आळी माझ्या वाट्याला आली.

“नाना, जो जिथं राहतो तिथं त्याची मोजणी होते,” मी म्हटलं. “त्यांची मोजणी तिकडे होणार.”

“तिकडं कोण हायती ती? भाड्याच्या खोल्यांत राहत्यात. मेलं तर हितं आणायचं, लगीन करायचं तर हितं करायचं. जत्रंला येत्यात.”

“शेवटची कधी आली होती सगळी?”

नाना सोफ्यावरच्या चादरीची सुरकुती काढू लागले. मी रकान्यात एक हा आकडा घातला. त्यांनी तो उलट्या बाजूनंही बरोबर वाचला.

“एक?” त्यांचा आवाज चढला. “उत्तम देवकराच्या घरात एक माणूस? बाई, गावात तोंड दाखवू का नगं मी?”

तेवढ्यात मागच्या दाराशी भांडं वाजलं. मी वळून पाहिलं. उंबऱ्यापलीकडून एक हात आत आला, फडक्यानं झाकलेली जर्मनची ताटली त्यानं फरशीवर ठेवली, आणि हात मागे गेला. बाईचा हात होता. मनगट मोकळं. ताज्या भाकरीचा वास खोलीभर पसरला.

“कोण आहे तिकडे?” मी विचारलं.

“कोण न्हाई,” नाना म्हणाले.

मी उठले. नाना “बाई, तिकडं कुठं?” म्हणत मागे येईपर्यंत मी मागच्या अंगणात पोचले होते. बंगल्याच्या पाठीशी जुना गोठा होता. गुरं कधीच विकलेली. गोठ्याच्या एका अंगाला पत्र्याची खोली, आणि पत्र्याच्या फटीतून धूर येत होता. दार आतून लोटलेलं होतं.

“आत कोण आहे?” मी हाक दिली.

मग आतून बाईचा आवाज आला, कानडी हेल असलेला. “कोण न्हाई.”

स्वतःच्या तोंडानं “मी नाही” सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मी दारापुढे उभी राहिले. आतून चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला. नाना माझ्या मागे उभे होते.

“ऐकलंत न्हवं?” ते म्हणाले. “आता निघा.”

शाळेत आमचे मुख्याध्यापक ढवळेसर हेच जनगणनेचे पर्यवेक्षकही होते. भला माणूस, पण निवृत्तीला टेकलेला. मी सांगितलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि दार पुढे लोटलं.

“फाळकेबाई, तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर मी सांगतो. गावाला नगरपंचायत हवीय. त्यासाठी लोकसंख्या दिसायला पाहिजे. आळीतल्या लोकांनी ठरवलंय की बंद घरंसुद्धा भरलेली दाखवायची.”

“आणि गोठ्यातली बाई?”

“मल्लव्वा.” सरांनी सुस्कारा सोडला. “जतच्या पलीकडची. नवरा-बायको देवकरांकडे राखणीला होती. नवरा गेला गेल्या पावसाळ्यात. नानांच्या पोरांना भीती आहे की ती कागदावर आली की उद्या जागेवर हक्क सांगेल. सगळ्याच बंगल्यांच्या मागे अशी एखादी खोली आहे, बाई. तुम्ही एकीचं नाव घेतलंत की सगळ्यांची झोप उडेल.”

“म्हणजे जे नाहीत त्यांना लिहायचं आणि जे आहेत त्यांना गाळायचं?”

“मी असं काही म्हणालो नाही,” सर घाईनं म्हणाले. “नियमाप्रमाणे करा. पण तुम्हाला इथं राहायचंय, एवढं ध्यानात ठेवा.”

त्याचा अर्थ मला संध्याकाळीच कळला. मी ज्या घरात भाड्यानं राहत होते ते नानांच्या चुलतभावाच्या विधवेचं, इंदूकाकूंचं. एरवी माझी घागर स्वतः भरून ठेवणारी बाई. त्या संध्याकाळी नळाला कुलूप होतं. “पाणी कमी आलंय,” असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. दुसऱ्या दिवशी दूधवाला थांबला नाही. वर्गात चार मुलं आली नाहीत, आणि आलेल्यांतल्या एकीनं घरून पाठ करून आणलेलं वाक्य मला ऐकवलं, “बाई, आई म्हणती तुमी आमचं गाव बारकं करायला आलाय.”

मला राग आला. गावाचा आला तसाच त्या बाईचाही आला. ती आतून “कोण न्हाई” म्हणाली नसती तर मी तिथंच लिहून मोकळी झाले असते. पण नियम असा होता की ज्या घराबद्दल खात्री नाही तिथं पुन्हा जायचं. मी पुन्हा गेले.

नानांच्या फाटकाशी या वेळी माणसं जमली होती. मी येणार हे कळलं होतं त्यांना. आळीतले म्हातारे, काही बायका, आणि सगळ्यांच्या पुढे पिठाच्या गिरणीचा हणमंत, ज्याला कुठल्याही भांडणात मजा येते असा.

“आलात?” नाना फाटक अडवून उभे होते. “परवा सांगितलं ते पुरलं न्हाई?”

“मला मागच्या खोलीतल्या बाईंशी बोलायचंय. त्यांनी राहत नाही म्हटलं तर मी जाईन.”

“तिनं सांगितलंय एकदा.”

“दाराआडून सांगितलंय. समोर येऊन सांगू दे.”

“माझ्या घरात कोण समोर येनार नि कोण न्हाई हे तुमी ठरवनार?” नाना गरजले. “दोन बुकं शिकलात म्हणून? मास्तरीणबाई, तुमच्यासारख्या बदलीवर येनाऱ्या छप्पन्न बघितल्या. तुमचं नाव तरी हाय का ह्या गावात कुठं?”

“नाही,” मी म्हटलं. “म्हणूनच मला कुणाला वाढवायचं नाही आणि कुणाला कमीही करायचं नाही.”

मागून कुणीतरी बाई ओरडली, “तिला हाकला आधी!” एकानं माझ्या हातातल्या पिशवीला हिसका दिला. मी ती छातीशी धरली.

आणि मग बंगल्याच्या बाजूनं ती आली.

मल्लव्वा पन्नाशीची असेल, कदाचित त्याहूनही कमी. उंच, काटक, कोपरापर्यंत पीठ लागलेलं. डोक्यावरून पदर. ती फाटकाच्या आत उभी राहिली, नानांपासून हातभर अंतरावर, आणि नानांकडे न बघता माझ्याकडे बघू लागली.

“इचारा,” ती म्हणाली.

“मल्लव्वा, आत जा,” नाना म्हणाले.

“इचारा बाई.”

“तुम्ही इथं राहता?”

“राहते.”

“कधीपासून?”

“लगीन होऊन आले तवापासनं. हा बंगला न्हवता तवा. विटा आमी दोगांनी वाहिल्या.”

मी नाव लिहिलं. नाना माझ्या पेनाकडे पाहत राहिले, त्यातून साप निघावा तसे.

“घरात आणखी कोण?”

“आता मीच.”

“नवऱ्याचं नाव?”

“भीमाप्पा.”

“ते आहेत?”

मल्लव्वानं पहिल्यांदा नानांकडे पाहिलं. “ते ह्यास्नी इचारा,” ती म्हणाली. “ह्यास्नी म्हाईत असंल.”

नानांच्या मानेची शीर ताठ झाली. मला काही समजलं नाही. मी पुढचा प्रश्न विचारला, तो प्रत्येक घरी विचारायचाच असतो, कारण एका चुलीवर जेवणारी माणसं मिळून एक कुटुंब धरतात. “स्वयंपाक वेगळा की एकत्र?”

“चूल माझी हाय. नानासाब माझ्याच चुलीवरचं खात्यात. बंगल्यात गॅस हाय, पर त्याला हात लावनारं कोण न्हाई.”

हणमंतला तेवढंच पुरलं. “आरं तिच्या!” तो मांडीवर थाप मारत ओरडला. “मग बाई, नानांस्नी बी हिच्याच घरात लिवा की! कुटुंबप्रमुख मल्लव्वा! खानारं तोंड एक, उत्तम देवकर!”

गर्दी हसली. म्हातारे हसले, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. ज्यांच्या नाकासाठी नाना फाटक अडवून उभे होते तेच लोक नानांना हसत होते. मी नानांचा चेहरा पाहिला. त्यावर राग नव्हता, तो नंतर आला. आधी एक क्षण तो माणूस भर बाजारात धोतर सुटल्यासारखा उभा होता.

मग ते वळले आणि तरातरा मागच्या अंगणात गेले. पहिल्यांदा तवा बाहेर आला. मग पातेली, पिठाचा डबा, गोधडी. पिठाचा डबा फुटून अंगणात पांढरा पट्टा उमटला. मल्लव्वा हलली नाही.

“चालती हो!” नाना ओरडत होते. “लिवलंय न्हवं तुझं नाव? मग त्या नावात जाऊन ऱ्हा!”

आत्ताच हसलेल्या माणसांपैकी दोघांनी पुढे होऊन फाटक सताड उघडलं, ती बाहेर पडावी म्हणून. मल्लव्वानं गोधडीत सापडेल ते बांधलं, तवा काखेत धरला आणि ती बाहेर पडली. माझ्या अंगावरून जाताना थांबली नाही की बोलली नाही. मी “थांबा” म्हणाले. तिनं ऐकलं नाही.

ती एस.टी. स्टँडवर राहिली. स्टँड म्हणजे एक शेड आणि सिमेंटचा बाक. गावात एवढे बंगले रिकामे, पण एकाही पडवीत तिला जागा मिळाली नाही. मी माझ्या खोलीवर चला म्हटलं, तर इंदूकाकू दारातच आडव्या उभ्या राहिल्या. “ती आत आली तर तुमी बाहेर,” त्यांनी सुनावलं. मल्लव्वानं ऐकलं आणि माझ्याआधी तीच मागे फिरली.

शाळा सुटल्यावर मी रोज तिच्याकडे भाकरी घेऊन जाऊ लागले. एकदा न राहवून मी मनातलं बोलले.

“मल्लव्वा, एक सांगते. मी तुमचं नाव लिहिलं, त्याचा तुम्हाला उपयोग व्हायचा नाही. त्यावर ना जागा मिळते, ना रेशन. तो नुसता सरकारचा हिशेब. कुणाला दाखवतासुद्धा येत नाही.”

“ठाव हाय,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“ढवळेमास्तर आले हुते. तुमी पयल्या दिशी येऊन गेल्यावर. म्हणले, गप ऱ्हा, तुला त्यातनं कायबी मिळनार न्हाई.”

“मग बोललात कशाला? घर गेलं की तुमचं.”

मल्लव्वानं हातातली भाकरी फडक्यावर ठेवली. मग तिनं सांगितलं, आणि सांगताना आवाज जराही हलू दिला नाही.

“आषाढात आमच्या ह्यास्नी ताप भरला. नानासाबनी डागदर आणला, खोटं का बोलू. पर उतार पडला न्हाई. गोठ्यातच गेले. मी म्हणलं, हितंच मूठमाती देऊ या, आमच्यात पुरत्यात. तर आळीतली समदी म्हणली, हा गावचा न्हवं, हितल्या मातीत जागा न्हाई. टेंपोत घातलं आनि माझ्या सासरगावी धाडलं. तिकडचे म्हणले, ह्याला जाऊन जल्म झाला, हा आता हितला न्हवं. वढ्याच्या काठाला कुनाची जमीन न्हाई तितं पुरलं, अंधार पडायच्या आत. मग मी दाखला मागाया पंचायतीत गेले. माझी विधवेची पेन्शन आडलीय. ग्रामसेवक म्हणला, ज्याच्या घरात मेला त्यानं येऊन सांगायला पायजे. नानासाब म्हणले, माझ्या घरात कोण मेलं न्हाई. पोरांचा फोन आलता त्यास्नी, म्हणून म्हणले.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, घाम पुसावा तसं.

“माणूस मेला, बाई. पर कुठंच मेला न्हाई. तुमी आलात त्या दिशी मी बी आतनं म्हणलं, कोण न्हाई. दिवसभर ते माझ्याच कानात वाजत ऱ्हायलं. म्हणलं, मी मेले तर मला कुठं टाकतील? ह्या दोन गावांच्या मधी वढाच हाय नुसता.”

मी भाकरीचं फडकं तिच्याजवळच ठेवून उठले.

दोनतीन दिवसांनी नाना स्टँडवर आले. मी तिथंच होते, पण माझ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची दाढी वाढली होती, सदऱ्यावर कसले तरी डाग होते. इंदूकाकूंकडून मला कळलं होतं, की आळीतल्या तीन घरांनी त्यांना जेवायला बोलावलं, पण हणमंतच्या त्या बोलण्यानंतर ते कुणाच्याही पाटावर बसायला तयार नव्हते. बिस्किटांवर होते.

“झाला तमाशा तेवढा बास,” ते मल्लव्वाला म्हणाले. “घरला चल.”

“आधी पंचायतीत चला,” मल्लव्वा म्हणाली.

“ते होनार न्हाई.”

“मग मी बी येनार न्हाई.”

“तुला काय वाटतं, तुझ्यावाचून अडलंय माझं? पोरं बोलवाय लागल्यात. कुलूप घाल नि हिकडं ये, म्हणत्यात. उद्याच्या गाडीनं जाऊ शकतो मी.”

“मग जावा की.”

नानांनी हात उगारला. खरंच उगारला. मी उठून उभी राहिले. हात तसाच वर राहिला, आणि मग त्यांनी तो खाली घेऊन स्वतःच्याच मांडीवर मारला. “मेलो तरी यायचा न्हाई पंचायतीत,” असं म्हणून ते गुडघा ओढत निघून गेले.

जनगणनेच्या शेवटच्या दिवशी वॉर्डाच्या हद्दीचं काही विचारायला मी ग्रामपंचायतीत गेले होते. ग्रामसेवक नकाशा पसरून बसला होता. बाहेर नेहमीचे लोक पेपर वाचत होते. तेवढ्यात दार धाडकन उघडून नाना आत आले. त्यांच्या मागे काही अंतरावर मल्लव्वा होती. तिला त्यांनी बोलावलं होतं की ती आपण होऊन मागे आली होती, ते मला आजही माहीत नाही.

“ए भाऊसाहेब,” नाना ग्रामसेवकावर खेकसले, “मेलेल्याचं लिवायचंय.”

“कोण वारलं नाना?”

“भीमाप्पा. आषाढात मेला.”

ग्रामसेवक चपापला. “नाना, मागं तुम्हीच म्हणाला होतात...”

“मागं म्हणलं ते म्हणलं! आता म्हणतो ते लिव!” नानांचा आवाज बाहेरच्या पारापर्यंत गेला असेल. पेपरवाले दारात गोळा झाले. हणमंतही होता. नाना त्यांच्याकडे वळले. “या, समदी या! ऐका! माझ्या गोठ्यात मेला तो. माझ्या घरात राहत हुता, माझ्या बंगल्याच्या विटा त्यानं वाहिल्या, नि माझ्या हातचं पानी पिऊन मेला. ही त्याची बायको पानी तापवत हुती, तवर दम निघाला न्हाई त्याला. माझ्या मांडीवर मान टाकली त्यानं. लिव! कुणाची काय हरकत हाय? हाय का कुणाची? हणम्या, हास की आता!”

कुणी हसलं नाही. हणमंतनं मान खाली घातली. नानांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तोंडात शिव्या होत्या. त्यांनी आळीला शिव्या दिल्या, पोरांना दिल्या, भीमाप्पालाही दिल्या. “मरायला माझाच गोठा घावला भाड्याला!” असंही म्हणाले. ग्रामसेवक खाली मान घालून लिहीत राहिला. उशिराची नोंद म्हणून त्याला आणखी काही सोपस्कार करावे लागणार होते, ते तो पुटपुटत सांगत होता. नानांनी तो सांगेल तिथं सही ठोकली.

मग ते मल्लव्वाकडे वळले. “झालं का तुझं मनासारखं?”

मल्लव्वानं मान डोलावली.

“मग चल आता.”

“दाखला मिळंपतूर हाय मी स्टँडवर,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

दाखला हातात पडला त्या दिवशी ती जतच्या गाडीत बसली. मी निरोपाला गेले होते. गोधडीचं बोचकं मांडीवर, तवा पायाशी. गाडी सुरू झाली तसे नाना लगबगीनं शेडमध्ये शिरले आणि तिच्या खिडकीशी गेले.

“परत कवा येनार?” त्यांनी विचारलं. विचारणं कसलं, दरडावणंच ते.

मल्लव्वानं खिडकीतून त्यांच्याकडे पाहिलं. “कुनाकडं?” ती म्हणाली.

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत नाना तिथंच होते. मग त्यांना मी दिसले. “बाई, तुमी माझं घर मोडलं,” ते म्हणाले. त्यांच्या घराबद्दल मला जे वाटत होतं ते बोलण्यासारखं नव्हतं. मग त्यांनी त्याच तुसड्या आवाजात विचारलं, “जतला दुसरी गाडी कवा आसती?”

“उद्या सकाळी.”

ते आळीच्या वाटेला लागले.

माळशेंद्र्याला नगरपंचायत मिळाली नाही. आकडा पुरला नाही, असं सांगतात. आळीनं त्याचा दोष माझ्यावर ठेवला, आणि जूनमध्ये माझी बदली दूर आटपाडीकडच्या एका वस्तीशाळेवर झाली. सामान न्यायला टेंपो आला तेव्हा इंदूकाकूंनी दार लावून घेतलं होतं. नाना कोइमतूरला गेले नाहीत, एवढं ढवळेसरांनी मला पुढे कळवलं.

मल्लव्वा मला दोन वर्षांनी जतच्या बाजारात भेटली. ओल्या मिरच्यांची पाटी घेऊन बसली होती. पेन्शन चालू झाली होती. ओढ्याकाठी तिनं एक दगड उभा केला होता, आणि त्याच्याजवळच दिराच्या पडीक तुकड्यात छप्पर घातलं होतं. दाखला बघितल्यावर दीर नरमला, म्हणाली. मी तिच्याशेजारी पोत्यावर बसले आणि इतके दिवस मनात अडकलेलं विचारलं.

“नाना आले होते?”

“आले हुते की. मी गेले त्येच्या दुसऱ्याच दिशी.” तिनं एका गिऱ्हाइकाला मिरच्या तोलून दिल्या. “दगड न्हवता तवा. वढ्याच्या काठाला बसले. कुठं पुरलंय म्हणून इचारलं, मी दाखवलं. मग दुपारपतूर बोलले न्हाईत.”

“आणि मग?”

“मग म्हणले, चल परत. खोली तशीच हाय, म्हणले.”

“तुम्ही काय म्हणालात?”

मल्लव्वा पाटीतल्या मिरच्या वरखाली करत होती. वाळलेल्या बाजूला, हिरव्या वर.

“मी म्हणलं, जेवा आनि जावा,” ती म्हणाली. “जेवले. गेले.”